अकरावा रकाना

फान सरांनी अकराव्या रकान्यावर पेनाचं टोक टेकवलं. "हा काढून टाक," ते म्हणाले.

अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर कोणाला न्यूमोनिया होईल, हे आधीच सांगणारं गणित डॉ. लिआओ पिंगने दोन वर्षं खपून मांडलं होतं. चीनमधल्या आनयांगच्या आसपासच्या डोंगरगावांत हा आजार घरोघरी, त्यामुळे आठशे रुग्ण सहज मिळाले. वय, सिगारेटी, फुंकर किती जोरात, न थांबता किती जिने, असे दहा रकाने. अकराव्यात शस्त्रक्रिया करणाऱ्याचं नाव. तो एकटा बाकीच्या दहांना भारी पडला. विभागप्रमुख फान सरांच्या रुग्णांची फुफ्फुसं इतरांच्या दुपटीने बिघडत होती.

कारण विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. या शस्त्रक्रियेत एक फुफ्फुस मिटवून ठेवावं लागतं. जितका वेळ मिटलेलं, तितका धोका. आणि फान सर ऐन शस्त्रक्रियेत पाहुण्या डॉक्टरांना जुने किस्से सांगताना हात थांबवत. बाहेर नातेवाईक मात्र अक्रोडांच्या पिशव्या घेऊन, ओळखी काढकाढून, प्रमुखांचेच हात मिळावेत म्हणून खेटे घालत.

"माझ्याकडे अवघड रुग्ण येतात," सर म्हणाले. तेही हिशेबात धरलंय, असं लिआओने हळूच सांगितलं. सरांनी चहाच्या बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं. बैठक संपली.

रकाना गेला. उरलेल्या गणिताला प्रांताचं पारितोषिक मिळालं. आभार मानताना सर म्हणाले की आकडे कोणाचा मुलाहिजा ठेवत नाहीत. लिआओनेही टाळ्या वाजवल्या.

मार्चमध्ये सरांच्या थोरल्या भावाला घास गिळेना. तपासात गाठ निघाली. घरात कोणी सरांना विचारलंही नाही. हात घरचेच असताना परक्याकडे जायचं कशाला? भाऊ तर वॉर्डभर सांगत सुटला की मला माझा धाकटाच कापणार.

दुपारी विभाग जेवायला गेल्यावर सर लिआओच्या टेबलाशी आले. दार त्यांनीच लोटून घेतलं. भावाची माहिती स्वतः वाचून दाखवली. सदुसष्ट वर्षं, चाळीस वर्षं सिगारेट, दुसऱ्या जिन्यालाच धाप. पडद्यावर उत्तर आलं: अठ्ठावीस टक्के.

"जुनी फाइल उघड," सर म्हणाले. "तू ती पुसली नसणार."

तिने उघडली. भावाच्या माहितीपुढे अकरावा रकाना रिकामा होता.

"कोणाचं नाव घालू, सर?"

सरांनी एकदा दाराकडे पाहिलं.

"माझं सोडून कोणाचंही."