फाटकावरचं नवं नाव

पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला सुट्टीसाठी तळ्याकाठचं एकच गेस्टहाऊस आवडायचं. बायकोचा हट्ट मात्र असा, की एकदा पाहिलेल्या ठिकाणी पुन्हा पाऊल टाकायचं नाही. शेवटी त्याने शक्कल लढवली. दरवर्षी आदल्या दिवशी "काम आहे" सांगून तो एकटाच तिथे जायचा आणि फाटकावर नवं नाव रंगवून यायचा. दुसऱ्या दिवशी बायकोला वेगळ्याच रस्त्याने, चांगला लांबचा फेरा मारून तिथेच आणायचा. तिला लांबचं धड दिसायचं नाही, त्यामुळे पाच वर्षं सगळं बिनबोभाट चाललं.

यंदा मात्र तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

"आता वहिनी ओळखणार. मेलास तू!" गेस्टहाऊसवाला मित्र त्याच्या कानात कुजबुजला.

बायको गाडीतून उतरली. तिने तळं पाहिलं, व्हरांडा पाहिला, फाटकावरचं नाव मोठ्याने वाचलं.

"अगबाई, किती छान जागा शोधलीत हो! मला वाटलं, यंदा काही नवीन सुचतंय की नाही तुम्हाला."

पेंटरचा जीव भांड्यात पडला. सुटकेचा निःश्वास सोडून तो मागे फाटकाला रेलणार, इतक्यात पिशवी उचलून आत जाता जाता ती म्हणाली,



"टेकू नका, रंग ओला असेल अजून. तुमचे पाच नवे शर्ट याच फाटकाने बाद केलेत."