मधल्या खोलीतली आगगाडी

व्लास्ताचे दोन्ही हात अंड्याने आणि पावाच्या चुऱ्याने बरबटले होते. कार्प माशाचे तुकडे घोळवणं अर्ध्यावर टाकून तिने कोपराने दाराची कडी काढली. दारात तिचा मुलगा रादिम उभा. त्याच्यामागे हिनेक, तिच्या नवऱ्याचा, ओताकरचा, छोट्या आगगाड्यांच्या मंडळातला जुना सोबती. दोघांच्या काखेत पुठ्ठ्याचे रिकामे खोके.

"आत्ताच आलात?" ती म्हणाली. "जेवण पहिली चांदणी दिसल्यावर. दरवर्षीसारखंच."

"जेवायला नाही, आई. तुझी नाताळची भेट घेऊन आलोय."

"रिकाम्या खोक्यांतून?"

रादिम हसला आणि सरळ मधल्या खोलीत शिरला. तिथे ओताकरची आगगाडी पसरलेली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. लाकडी फळ्यांवर डोंगर, बोगदा, बर्फाने झाकलेलं चर्च, टिकलीएवढ्या खिडक्यांचं स्टेशन. वसंतात ओताकर गेला. तेव्हापासून तिथलं इंजिन फलाटालाच उभं होतं.

"नाताळच्या ताटावर बसलं की तू बाळ येशूकडे भेट म्हणून काय मागायचीस, सांग बरं?" रादिम म्हणाला. "'देवा, या माणसाच्या तावडीतून माझी खोली सोडव!' आम्ही पोट धरधरून हसायचो. तर घे, आज तुझी खोली सुटली. हे सगळं मंडळाच्या दालनात जाईल, आणि तुझं शिलाई मशीन इथे येईल, खिडकीपाशी उजेडात."

"पाटीवर ओताकरचं नाव लावू, वहिनी," हिनेक हळूच म्हणाला. "मोठ्या अक्षरांत."

व्लास्ता हातांवरचा चुरा खरवडत राहिली. हिनेकला तो होकार वाटला. गुडघे टेकून तो फळीखाली वाकला आणि पहिला स्क्रू सैल केला. फळी करकरली. फलाटावरची चिमुकली बाई, हातात पिशवी घेतलेली, आडवी पडली.

"हिनेक, तो पेचकस खाली ठेवा."

"आई, तूच तर मागायचीस..."

"मागायचे. त्याच्या कानावर पडावं म्हणून मागायचे. ते भांडण माझं आणि तुझ्या बापाचं होतं. आमच्यात पडणारा तू कोण?"

रादिमचे कान लाल झाले. "बरं, राहिलं. पण ठेवून करणार काय तू याचं? धूळ पुसत बसणार? चालवता तरी येते का तुला?"

हे मात्र तिला झोंबलं. येत नव्हती. ओताकरने कधी ये म्हटलं नाही आणि ती कधी गेली नाही. स्वयंपाकघरातून ओरडायची मात्र रोज. तिने एप्रनला हात पुसले, त्याच्या स्टुलावर बसली आणि खटका दाबला. स्टेशनातले दिवे लागले. तिने बटण फिरवलं, तेही पुरतं. इंजिन उसळून सुटलं, पहिल्याच वळणावर रूळ सोडून चर्चवर जाऊन आदळलं.

हिनेकचा हात आपोआप पुढे आला. "मी दाखवतो, वहिनी, ते असं..."

"हात लावायचा नाही."

तिने इंजिन उचललं, डोळ्यांजवळ धरून चाकं रुळावर बसवली. पुन्हा सोडलं. पुन्हा घसरलं. तिसऱ्यांदा तर डबेच मागे राहिले आणि इंजिन एकटंच पळालं. हिनेकने तोंड फिरवून खोकल्याचं निमित्त केलं.

"आई, मासा तसाच पडलाय उघडा," रादिम म्हणाला.

"मग? पळून जातोय का तो?"

यावेळी तिने बटणावर नुसती बोटं टेकवली. गाडी हलली. वळणावर जराशी कलंडली, सावरली आणि बोगद्यात शिरली. पलीकडच्या तोंडातून इंजिन बाहेर आलं. मागचा टपालाचा डबा तिरका झाला होता, पण आला.

गाडीची घरघर घरभर झाली. रादिमने दोन्ही खोके गुपचूप जमिनीवर ठेवले. गाडीने आणखी एक फेरी घेतली, आणखी एक. त्याला वाटलं, आई रडेल. तिने गाडी थांबवली आणि मान वळवून भिंतीकडे पाहिलं.

"ते कपाट काढा."

"कुठलं कपाट?"

"डोळ्यांसमोर आहे ते. पेचकस घेऊन आलाच आहात, तर हात हलवत परत जाऊ नका. तळघरात न्या."

"अगं, तुझ्या लग्नातलं आहे ते! आजीने दिलेलं!"

"तुझ्या आजीला मी ओळखत होते. जड होती तीही." व्लास्ता उठली आणि भिंतीवर वितीने माप घेऊ लागली. "मला इथून रूळ न्यायचेत, दारापर्यंत आणि दारातून पुढे. जन्मभर त्याने गाडी गोल गोल फिरवली. आता जरा कुठेतरी जाऊ दे तिला."

"ओताकरने असं कधीच केलं नसतं, वहिनी," हिनेक म्हणाला.

"नसतंच केलं. धरा तिकडून."

जिना अरुंद होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट अडकलं ते अडकलंच. वर रादिम, खाली हिनेक, दोघेही घामाघूम. एकेक दार उघडू लागलं. तळणाचा आणि व्हॅनिलाचा वास जिन्यात आला. डोक्याला केस कुरळे करायच्या नळ्या लावलेल्या शेजारच्या दोबेशोवाबाई बाहेर आल्या, कपाट पाहून त्यांनी गालावर हात ठेवला.

"अगं बाई! ऐन सणाच्या दिवशी घर सोडून कोण चाललंय?"

वरच्या मजल्यावरून व्लास्ता कठड्यावर ओणवी झाली आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "कोणी नाही!"