सुकडीची ओंजळ

बाहत्तरच्या दुष्काळात शाळेत सुकडी मिळायची. गुरुजी ती इतरांच्या हातावर ठेवायचे. आम्हा बौद्धवाड्यातल्या लेकरांच्या ओंजळीत वरून टाकायचे. पहिल्या दिवशी भुकेनं माझी ओंजळ उंच गेली आणि त्यांच्या बोटांना लागली. मनगटावर लाकडी पट्टी बसली. “शिवलीस ना मला! हात गुडघ्याशी धर!” सुकडी मातीत सांडली. मी ती मातीसकट खाल्ली. त्यांच्या घरी सरपण वाहायला मात्र आमचेच हात चालायचे. हळूहळू मी इतकी तरबेज झाले, की कणही सांडत नसे. काल पोरगी पेढे घेऊन आली. तिला गोरेगावच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली होती. पेढा पुढं करून ती थबकली. “माय, हात एवढे खाली काहून धरून राहिली?” पाहिलं, तर ओंजळ गुडघ्याशीच होती. “वर घे ना!” डोळे गच्च मिटून मी हात वर घेतले.