ओळखीचं कुणी नसलेला समुद्र

"बाबा, अरुबा फायनल करू या. वाळू पांढरी, पाणी शांत आणि मराठी मंडळातल्या काकू शून्य!" देविकाने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

तिला समुद्रात पोहायचं होतं. ओळखीचं कुणी नसेल असं बेट शोध, ही अट माझी होती.

तिच्या आईला, नूतनलाही पोहायचं होतं, तेही अंगभर कपड्यांत. पण इथे मस्कतला किनाऱ्यावर कुणी ना कुणी आपलं भेटायचंच. मी म्हणायचो, "लोक बघतील." बावीस वर्षं माझी बायको घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. मार्चमध्ये ती गेली.

"मग, बुक करू?"

"नको. उद्या शुक्रवारची सुट्टी. इथेच कुरुमच्या किनाऱ्यावर जाऊ."

"बाबा, तिथे सगळे असतील."

"सगळे आले की मगच पाण्यात उतरायचं."