नेऱ्यातलं वाइन टेस्टिंग

कुमार सर थुंकले आणि प्रांजल रडायची थांबली.

सात महिन्यांच्या प्रांजलने सकाळपासून दूध तोंडात धरलं नव्हतं. ताप नव्हता, पोट मऊ होतं. पनवेलचे डॉक्टर म्हणाले होते, दात येत असतील, वाट बघा. किशोरी वाटच बघत होती. नेऱ्याच्या फार्महाउसवर नवऱ्याने, प्रितेशने, दक्षिण आफ्रिकेच्या वाइनचं टेस्टिंग ठेवलं होतं, आणि ती लेकीला खांद्यावर घेऊन टेबलाभोवती फेऱ्या मारत होती.

कुमार सर मुंबईहून आलेले वाइनचे जाणकार. प्रांजलसमोरच त्यांनी ग्लास उचलला. त्यातली पिनोटाज नावाची लाल वाइन गोल गोल फिरवली, वास घेतला, एक घोट तोंडात घोळवला आणि बादलीत थुंकले. टेस्टिंगची रीतच तशी, घोट गिळायचा नसतो. प्रांजल टकमक बघत राहिली. मग आईच्या ओढणीला झोंबली आणि चुटुचुटु दूध प्यायला लागली.

"दिष्ट काढली त्या बाबानं!" सासूबाई, भीमाबाई, ओरडल्या. "ओवाळलं नि थुकला. आमी सकालपासून मीठ-मिरच्या जाळून दमलो."

"आई, असं काही नसतं." किशोरी एम.एस्सी. होती. "ते वाइन तपासतायत."

"तपासू दे. पोर प्यायली का नाय?"

थोड्याच वेळात अंगण भरलं. शेजारच्या वेणूकाकूंनी नातवाला आणलं, तो जेवत नव्हता. मनिषाने दहावीतल्या मुलाला दंडाला धरून आणलं. तो जेवत होता, अभ्यास करत नव्हता. भगवानने नवा डंपरच आत घेतला. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर तो सारखा पंक्चर होत होता.

कुमार सर खुलले. "मुंबईत लोक नुसते पितात हो," ते प्रितेशला म्हणाले. "इथे किती मन लावून बघतात!" डंपरसमोर उभं राहून ते आफ्रिकेतल्या केपच्या समुद्रवाऱ्याबद्दल बोलले, पिकलेल्या आलुबुखाराच्या चवीबद्दल बोलले, ग्लास फिरवून थुंकले. लोकांनी हात जोडले.

किशोरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती एकेकाला समजावत राहिली, "अहो काकू, अंधश्रद्धा आहे ही."

"तू गप गो," वेणूकाकू म्हणाल्या. "तुझ्या पोरीचं काम झालं, आता आमची पाळी."

अंधार पडायच्या सुमाराला सरांची गाडी मुंबईकडे निघाली. धूळ खाली बसते न बसते तोच प्रांजलने भोकाड पसरलं. किशोरीने छातीशी घेतलं, तिने तोंड फिरवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा फिरवलं. डॉक्टर फोन उचलेनात. सरांचा फोन लागेना. प्रांजल रडून रडून काळीनिळी झाली.

भीमाबाईंनी वेळ घालवला नाही. टेबलावरची हाताला लागली ती बाटली ग्लासात ओतली आणि नातीवरून ओवाळायला हात उचलला.

"आई, थांबा!"

किशोरीने धावत जाऊन ग्लास हिसकावून घेतला. प्रितेशने मान खाली घातली. आता पुन्हा विज्ञान.

"ही पांढरी आहे," किशोरी म्हणाली. "पांढरी प्यायची मासळीबरोबर. दृष्ट काढायला लाल लागते."