दगडांचे फोटो

२०२४ सालच्या मार्चमधली गोष्ट. रविवारी सकाळी अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातल्या घरात केदार उभ्याउभ्या सातव्यांदा फोन लावत होता आणि तिकडे ब्रिटनमध्ये बेबीचा फोन बंद होता.

“बाबा, तुम्हीच तिला लाडावून ठेवलंय,” तो म्हणाला.

मनोहर कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. बेबी गेल्यापासून रविवारचा स्वयंपाक त्यांच्याकडे आला होता.

तिचं कागदोपत्री नाव अहिल्या. पण मनोहर पहिल्यापासून तिला बेबीच म्हणत. सप्टेंबरमध्ये ती उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एम.ए. करायला गेली होती. विषय इतिहास, मुदत एक वर्ष. वर्ग आठवड्यातून तीन दिवस. उरलेले चार दिवस बेबी रेल्वेचं सवलतीचं कार्ड पर्समध्ये टाकून निघायची. यॉर्कच्या तटावरून ती पूर्ण फेरी मारून आली. व्हिटबीला एकशे नव्याण्णव पायऱ्या चढून पडक्या मठापर्यंत गेली. डरहमच्या चर्चमध्ये एका खांबाच्या नक्षीसमोर म्हणे तासभर बसली.

प्रत्येक ठिकाणाहून फोटो यायचा. त्यात बेबी कधीच नसे, नुसते दगड असत.

‘दगड काय पाठवतेस? तुझा फोटो पाठव,’ केदारने एकदा लिहिलं होतं.

‘मला तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. दगड नवे आहेत,’ असं उत्तर आलं.

“मी मधे पडत नाही,” सियाला दुधातलं सीरियल भरवत रेणू म्हणाली. सिया, त्यांची मुलगी, तीन वर्षांची होती. “बोलले की माझंच नाव होतं. पण पुढच्या महिन्यापासून मला रोज ऑफिसला जायचंय. सियाचं काय करायचं, एवढंच विचारतेय.”

आधी सिया दिवसभर बेबीकडेच असायची.

“वय बघा तिचं, बाबा,” केदार म्हणाला. “हे काय एकटं भटकायचं वय आहे?”

“वयच बघतोय.”

“एकदा ठणकावून नाही म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?”

“मागे म्हटलं होतं. असंच एका विद्यापीठाचं पत्र आलं होतं तिला. मी नको म्हटलं. ती भांडली नाही. पत्र डाळीच्या डब्याखाली ठेवलं आणि कामाला लागली.”

“आणि मला माहीतच नाही?”

“तू नव्हतास तेव्हा.”

तिसरी शिट्टी झाली. मनोहरांनी गॅस बंद केला.

दुपारी बेबीचा व्हिडिओ कॉल आला. लाल लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता.

“कुठे होतीस?” केदारने विचारलं.

“होली आयलंडला. बेट आहे. ओहोटीला रस्ता उघडा पडतो, भरतीला पाण्याखाली जातो. मी वेळापत्रक उलटं वाचलं. मग पाणी उतरेपर्यंत बसले. बॅटरीही संपली.”

“म्हणजे अडकलीस.”

“चुकून गेले, आवडीने बसले. समोर सील होते. म्हशींसारखे पडलेले.”

“हे बघ, मी तिकीट काढलंय. शनिवारचं, मँचेस्टर ते डेट्रॉइट. बास झालं आता.”

“शनिवारी मी हेड्रियनच्या रोमन भिंतीवर आहे.”

“गुडघा दुखतो म्हणत होतीस ना?”

“दुखतो. तिकडे सोफ्यावरही दुखायचा.”

“रेखाकाकू महाराष्ट्र मंडळात सगळ्यांसमोर विचारत होत्या, शिकून करणार काय.”

“सांग त्यांना, शिकून झालं की कळवते.”

“आणि सियाला कोण बघणार?”

वाऱ्याचा आवाज येत राहिला.

“सियाला आईवडील आहेत, केदार. मी तिला रोज फोनवर गोष्ट सांगते, एक दिवस चुकवलेला नाही. त्याहून जास्त यंदा जमणार नाही.”

रेणूने मान खाली घातली. केदारने फोन मनोहरांपुढे धरला. “तुम्ही सांगा. तुमचं ऐकते ती. आत्ता ये म्हणालात तर येईल.”

ते खरं होतं. तिघांनाही माहीत होतं. पलीकडे बेबीलाही. ती नुसती बघत राहिली.

मनोहरांनी हात पुसले आणि फोन घेतला.

“बेबी.”

“हं.”

“भिंतीवर वारा असेल. कान बांध.”

लाल टोपी हलली. हसली की रडली, ते कळलं नाही.

“आणि आमटीत चिंच आधी की गूळ?”

“चिंच. ती उकळली की गूळ. लिहून ठेवा, दर रविवारी विचारता.”

केदार गराजमध्ये निघून गेला.

शनिवारी विमान सुटलं. बेबी त्यात नव्हती. संध्याकाळपर्यंत भिंतीचे अकरा फोटो आले.

पुढे रेणू कामावर रुजू झाली. तिच्या ऑफिसजवळच्या डेकेअरमध्ये सिया पहिला आठवडा रडली आणि नंतर घरी यायलाच तयार नसायची. मनोहरांची आमटी मंडळाच्या पॉटलक जेवणात रेखाकाकूंनी दोनदा वाढून घेतली. काय घातलंय ते मात्र मनोहरांनी सांगितलं नाही. शनिवारच्या त्या तिकिटाचं केदारला एअरलाइनकडून क्रेडिट मिळालं. ते त्याने जानेवारीत वापरलं, पदवीदानाला जाताना.

चौघंही गेले. मनोहरांच्या कोटाच्या खिशात घडीवर फाटत आलेलं एक पत्र होतं. ते त्यांनी कोणाला दाखवलं नाही. अहिल्या हे नाव पुकारलं गेलं. काळा झगा घातलेली बेबी मंचाच्या पायऱ्या सावकाश, कठडा न धरता चढली. प्रमाणपत्र घेतलं आणि छताच्या दगडी कमानी बघत तिथेच उभी राहिली.

केदार रांगेतून बाहेर पडला. मधल्या वाटेने धावत पुढे गेला आणि फोन वर धरून ओरडला, “आई, इकडे बघ.”