नखाएवढी फट

होडीच्या बुडाशी, दोन फळ्यांच्या मधे, नखाची कड जाईल एवढी फट होती. मागच्या खेपेला तिथे नख नुसतं टेकलं होतं. मिस्त्रीने होडीखाली सरकून पुन्हा अंगठा लावून पाहिला. नख आत गेलं.

“बाबा, बाहेर या. माणसं आलीत.”

“कसली माणसं?”

लेक दाराकडे वळली. मिस्त्री सरपटत बाहेर आला, तर शेडच्या दारात सगळी आळी उभी. खिळे घडवून देणारा लोहार होता, दोर वळणारे दोघे भाऊ होते, त्यांच्या बायका होत्या. सगळे धुतलेल्या कपड्यांत. अंगणात त्याची बायको मोठ्या पातेल्यात उलथनं फिरवत होती. आज कुणाचं काय आहे, ते त्याला काही केल्या आठवेना.

“अगं, हे काय चाललंय?”

“तुम्हीच नाही का म्हणालात, मंगळवारी बघू?”

“बघू म्हणालो. बोलाव कुठे म्हणालो?”

“तुमचं ‘बघू’ मी लग्नापासून ऐकतेय. मंगळवार आला, मी बघितलं.”

“मिस्त्री, पोरीची नोकरी पेन्शनीला यायच्या आत तेवढा शब्द टाका!” लोहार ओरडला आणि सगळे हसले.

होडी लेकीची होती. समोरच्या बेटावर समुद्राचं पाणी तपासणारं केंद्र होतं आणि तिथे तिला जागा मिळाली होती. तिथे राहायचं तर स्वतःची होडी हवी, म्हणून बापाने ती बांधायला घेतली. फळ्या बसल्या, सुकाणू बसलं, रंगाचा दुसरा हातही वाळला. केंद्रातून दोनदा विचारणा झाली. पण नवी होडी पाण्यात लोटायची तर ज्याने ती बांधली त्या मिस्त्रीने ‘ढकला’ म्हणावं लागतं. तोवर कुणी बोट लावत नाही. आणि तिथेच घोडं अडलं होतं.

“माझी हातोडी कुठाय?” मिस्त्री इकडेतिकडे बघू लागला. “इथेच ठेवली होती. कुणी उचलली?”

“हातात आहे, बाबा.”

त्याने हाताकडे पाहिलं. हातोडी होती खरी. पण ती कशासाठी हवी होती, ते आठवेना. तो तशीच ती धरून उभा राहिला.

तेवढ्यात बायकोचा धाकटा भाऊ पुढे झाला. हा शाळेत इंग्रजी शिकवायचा, आणि चार माणसं जमली की त्याला शिकवल्याशिवाय राहवत नसे. “भावोजी, तुम्हाला ठाऊक आहे का? इंग्रजीत कुणी हात सैल सोडून मोठी मेजवानी दिली, की म्हणतात, त्याने होडी ढकलली.”

“होडी ढकलण्यात मेजवानी कुठून आली?”

“असं सांगतात, की जड होडी एकट्याला हलत नाही. चार हात लागतात. दुसऱ्याची होडी पाण्यात लोटून देणं हे मोठ्या मनाचं काम. त्यावरून मग दुसऱ्यांना खाऊपिऊ घालणं, आणि होता होता नुसती मौजमजा. कुणी म्हणतं, खलाशी निघण्याआधी जेवणावळी घालत, त्यावरून.”

मिस्त्री विचारात पडला. त्याने जन्मभर होड्या ढकलून दिल्या होत्या, पण असं काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

“म्हणजे मौज कुणाची?” त्याने विचारलं. “जातो त्याची, की ढकलतो त्याची?”

मेहुण्याने कान खाजवला. “तेवढं कुठे दिलेलं नाही, भावोजी.”

“मामा, पुरे आता,” लेक म्हणाली आणि बापाजवळ आली. “बाबा, काय राहिलंय ते सांगा. मी करते.”

“बुडाला फट आहे.”

“मी पाहिली.”

“वाढलीय.”

“वाढणारच. लाकूड सुकतंय. कोरड्यात जितकं राहील तितकी फट वाढेल. पाण्यात पडून लाकूड फुगल्याशिवाय ती मिटायची नाही.” तिने फळीवर हात ठेवला. “हे मला कॉलेजात नाही कुणी शिकवलं. तुम्ही सांगितलंय.”

दोर वळणाऱ्या भावांनी होडीच्या कडेला खांदे लावले, पण जोर दिला नाही. लोहार मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला. बायको पातेल्यावर झाकण ठेवून आली आणि तिनेही पदर खोचून हात टेकले. होडीच्या दोन्ही अंगांना माणसंच माणसं झाली. मधे एकाच माणसापुरती जागा रिकामी होती.

मिस्त्रीने हातोडी खाली ठेवली. मग उचलली. मग लेकीच्या हातात दिली.

“पुढच्या फळीखाली पत्र्याचा डबा आहे,” तो म्हणाला. “पाणी उपसायला.”

लेकीने वाकून पाहिलं. डबा होता. त्याला नवी मूठ बसवली होती आणि मुठीवर दोर गुंडाळला होता, गुळगुळीत, तिच्या हाताच्या मापाचा. त्यावर धूळ बसली होती.

“आजची रात्र काठालाच बांधून ठेव,” मिस्त्री म्हणाला. “पाणी आत येईल. घाबरू नकोस, येऊ दे. लाकूड पिईल, फुगेल. सकाळपर्यंत फट मिटेल. मग जा.”

लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. हाच तो शब्द की अजून यायचाय, कुणालाच कळेना.

मिस्त्री चालत त्या रिकाम्या जागेपाशी गेला. त्याने फळीला खांदा लावला, पाय रोवले, आणि खाली मान घालून म्हणाला,

“ढकला.”